तेल पाण्यात कसे नांदते? सर्फॅक्टंटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. निवृत्तीनंतरही प्रश्न येतच राहिले. विचारणारे तेवढे बदलले. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागायतदारांचे फवारणीचे प्रश्न सुरू होतात, फेब्रुवारीपासून बेदाणा शेडवरून फोन येतात, दिवाळीच्या तोंडावर भांड्यांचे लिक्विड करणाऱ्या बचत गटांतल्या महिला विचारतात आणि परीक्षेआधी विद्यार्थी. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तेल आणि पाणी यांच्यामध्ये उभा राहणारा पदार्थ. म्हणून ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तेल हलके असते म्हणून तरंगते हे कळले. पण ते पाण्यात मिसळत का नाही?

वर कोण राहणार हे घनता ठरवते. मिसळणार की नाही हे घनतेच्या हातात नसते. स्पिरिट पाण्यापेक्षा हलके असूनही पाण्यात पूर्ण मिसळते आणि क्लोरोफॉर्म पाण्यापेक्षा जड असूनही तळाशी वेगळा थर करून राहते. खरे कारण पाण्याच्या रेणूंच्या आपसातल्या ओढीत आहे. ते हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. तेलाच्या लांब कार्बनसाखळ्यांना असे बंध जोडता येत नाहीत, त्यामुळे तेलाचा रेणू मध्ये आला की भोवतीच्या पाण्याच्या रेणूंना अवघडलेली मांडणी करावी लागते. ती टाळण्यासाठी पाणी तेलाला बाहेर काढते. तेल पाण्याचा द्वेष करते असे आपण म्हणतो, पण पाण्याची पाण्यावरची माया जास्त आहे असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. ही माया मोजताही येते. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, जो बहुतेक द्रवांपेक्षा बराच जास्त आहे.

२. सर्फॅक्टंट म्हणजे नेमके काय? साबण, शाम्पू, स्टिकर, फिनाईल यांत एकच पदार्थ असतो का?

पदार्थ वेगवेगळे असतात, पण घडण एकाच प्रकारची असते. सर्फॅक्टंटच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमणारे, म्हणजे जलस्नेही असते आणि दुसरी बाजू साधारण १२ ते १८ कार्बनांची तेलकट शेपटी असते. पाण्यात पडल्यावर या शेपटीला पाण्याबाहेर आणि डोक्याला पाण्यात राहायचे असते. या दोन्ही मागण्या पूर्ण होतात त्या फक्त सीमेवर, म्हणजे पाणी आणि हवा किंवा पाणी आणि तेल जिथे भेटतात तिथे. म्हणून हे रेणू सीमेवर गर्दी करतात आणि तिथला ताण उतरवतात. मराठीत यांना पृष्ठसक्रिय पदार्थ म्हणतात. तेल-पाणी जुळवण्याचे काम करत असताना त्यांना पायसीकारक आणि तयार होणाऱ्या मिश्रणाला पायस म्हणतात.

डोक्यावरच्या विद्युतभारावरून त्यांचे गट पडतात. साबण, अ‍ॅसिड स्लरी या आम्लधर्मी कच्च्या मालापासून केलेले धुण्याचे पदार्थ आणि शाम्पूतले एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट) हे ऋणभारित असतात. केसांच्या कंडिशनरमधले बहुधा धनभारित असतात. फवारणीच्या औषधांत वापरले जाणारे अनेक पायसीकारक भाररहित असतात. काहींवर दोन्ही भार असतात. ऋण आणि धन एकमेकांत ओतले तर ते एकमेकांना धरून निष्प्रभ होतात, हे घरी लिक्विड बनवणाऱ्यांनी पक्के लक्षात ठेवावे.

३. म्हणजे साबणामुळे तेल पाण्यात विरघळते असे परीक्षेत लिहावे का?

लिहू नये. मीठ पाण्यात विरघळते तेव्हा त्याचा कण कण सुटा होतो. तेलाचे तसे होत नाही; ते थेंबांच्या रूपात तेलच राहते, फक्त थेंब इतके बारीक होतात आणि त्यांच्यावर सर्फॅक्टंटचे असे कवच चढते की ते एकमेकांत मिळून जात नाहीत.

थेंब बारीक करणे किती मोठे काम आहे, याचा हिशोब मी वर्गात फळ्यावर करून घेत असे. एक लिटर तेलाचे एक मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर त्या सगळ्यांच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ६००० चौरस मीटर होते, म्हणजे जवळजवळ दीड एकर. दीड एकर सीमा पाण्याच्या इच्छेविरुद्ध उभी करायची आणि टिकवायची, हे ते काम. आता या दीड एकरावर सर्फॅक्टंटचा एकेरी थर द्यायला किती माल लागेल? एका रेणूला अर्धा चौरस नॅनोमीटर जागा आणि ३०० रेणुभार धरला, तर अवघे ६ ग्रॅम. इतक्या थोड्या वस्तूने इतके मोठे क्षेत्र राखले जाते, याचे मला अजूनही नवल वाटते. प्रत्यक्षात याहून बरेच जास्त लागते; त्याचे कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

एक बारीकसा अपवाद नोंदवते. पाण्यात सर्फॅक्टंट पुरेसे झाले की त्याचे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून गोळे करतात. त्यांना मिसेल म्हणतात. या गोळ्यांच्या पोटात थोडे तेल सामावते आणि द्रावण स्वच्छ दिसते. याला मात्र विरघळण्याच्या जवळचे म्हणता येईल.

४. फिनाईल पाण्यात ओतताच पांढरे होते. त्यात पांढरा रंग असतो का?

नसतो. बाटलीतले फिनाईल पाण्यात पडले की त्यातले तेल पायसीकारकाच्या मदतीने असंख्य थेंबांत फुटते. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास किंवा तिच्याहून मोठे असलेले हे थेंब सगळ्या रंगांचा प्रकाश इकडेतिकडे विखुरतात, म्हणून मिश्रण दुधाळ दिसते. दूध पांढरे दिसण्याचे कारणही हेच आहे. थेंब फारच बारीक, म्हणजे १०० नॅनोमीटरच्या बरेच खाली गेले, तर मिश्रण निळसर झाक असलेले किंवा पारदर्शक दिसते.

५. नुसते जोरात ढवळून का भागत नाही?

ढवळल्याने थेंब होतात, पण टिकत नाहीत. बरणीत पाणी आणि शेंगदाणा तेल घालून खळखळून हलवा आणि ओट्यावर ठेवा. मिनिटभरात थेंब एकमेकांना भेटतात, भेटले की एक होतात आणि पुन्हा वर थर जमतो. त्याच बरणीत भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाकून हलवले, तर दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ राहते. म्हणजे सर्फॅक्टंटचे काम दुहेरी आहे: ताण उतरवून थेंब फोडणे सोपे करणे आणि फुटलेल्या थेंबांना एकमेकांपासून राखणे. ऋणभारित डोकी असली तर सगळे थेंब सारख्या भाराचे होऊन एकमेकांना ढकलतात. भाररहित असली तर पाणी धरून बसलेली लांब डोकी मध्ये येतात.

दोन अवस्थांमध्ये मात्र गल्लत करू नये. थेंब अखंड राहून नुसते वर गोळा झाले तर त्याला साय धरणे म्हणावे. ढवळले की ते पूर्ववत होते. थेंब एकमेकांत मिळून तेल सुटले तर ते पायस फाटले. साय किती लवकर धरते हे थेंबाच्या त्रिज्येच्या वर्गावर ठरते, म्हणजे थेंब निम्मा केला तर वर येण्याचा वेग चौथाई होतो. होमोजिनाइझ केलेल्या पिशवीच्या दुधावर साय सुटी होऊन का तरंगत नाही, याचे उत्तर यातच आहे: तीन-चार मायक्रॉनचे स्निग्धकण दाबाने एका मायक्रॉनच्या खाली आणलेले असतात.

६. जास्त टाकले तर जास्त चांगले मिसळेल ना?

एका मर्यादेपर्यंतच. सुरुवातीचे रेणू सीमेवर जागा भरतात आणि ताण झरझर उतरतो. सीमा भरली की पुढचे रेणू प्रश्न ३ मधले मिसेल करू लागतात आणि ताण तिथेच थांबतो. या टप्प्याला क्रांतिक मिसेल संहती म्हणतात. शाम्पू आणि टूथपेस्टमध्ये आढळणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटसाठी ती शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे २.३ ग्रॅम आहे. तेल खूप असेल तर सीमाही खूप असते, म्हणून तिथे याहून जास्त लागते. मिसेल हा त्या वेळी साठा म्हणून कामी येतो. पण तेल थोडे आणि साबण भरपूर, यातून मिळतो तो फक्त फेस. फवारणीत तर जादा सर्फॅक्टंटने पान करपते आणि मण्याचे रूपही बिघडते (प्रश्न ११).

७. हे सगळे शोधून कोणी काढले?

अनेकांनी, पण मुलींच्या वर्गात मी आग्नेस पॉकेल्स यांच्यापासून सुरुवात करत असे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये राहणाऱ्या या बाईंना विद्यापीठात जायला मिळाले नाही. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम करताना खरकट्या भांड्यांच्या पाण्यावरचा तेलकट थर त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेल्या पसरट भांड्यावर पत्र्याची पट्टी सरकवून तो थर दाबता-सोडता येईल अशी सोय केली आणि पाण्याला टेकवलेले बटण उचलायला किती जोर लागतो, यावरून पृष्ठताण मोजला. त्यांचे पत्र लॉर्ड रॅली यांच्या पुढाकाराने १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापले गेले. पुढे अर्व्हिंग लँगम्युर यांनी १९१७ मध्ये असा थर एकाच रेणूच्या जाडीचा असून रेणू त्यात डोके पाण्याकडे करून उभे असतात हे दाखवले. त्यांना १९३२ चे नोबेल मिळाले. त्यांचे उपकरण हे पॉकेल्सबाईंच्या भांड्याचेच सुधारलेले रूप होते. ज्या विद्यार्थिनी घरी भांडी घासून वर्गाला येत, त्यांच्यासाठी ही हकिगत मी कधी गाळली नाही.

८. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही, बादलीला पांढरा चिकटा धरतो. साबण खराब आहे का?

साबण चांगला आहे, पाणी जड आहे. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाच्या डोक्याला धरतात आणि न विरघळणारा साका तयार होतो. तोच तुमचा चिकटा. सगळे कॅल्शियम असे संपेपर्यंत साबणाला कामाला सवडच मिळत नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांतून हा प्रश्न जास्त येतो. धुण्याच्या पावडरीतले सर्फॅक्टंट साबणापेक्षा जड पाणी बरेच सोसते आणि भाररहित सर्फॅक्टंटला कॅल्शियमने जवळजवळ फरक पडत नाही. रिठा आणि शिकेकाई यांतले सॅपोनिनही साबणासारखा साका करत नाही. साबणच वापरायचा असेल तर पाण्यात आधी धुण्याचा सोडा घालून चुना खाली बसू द्यावा.

९. बेदाण्यासाठी डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेट वापरतो. आधी काय टाकायचे? कधी कधी ड्रममध्ये तेल वर का तरंगते?

आधी कार्बोनेट, मग तेल. क्रमामागचे कारण समजून घेतले तर ड्रम बिघडणार नाही, म्हणून हे उत्तर लांबवते आहे.

प्रचलित प्रमाण एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑईल असे आहे. २०० लिटरच्या ड्रमला ५ किलो आणि ३ लिटर. डिपिंग ऑईल हे मुख्यतः इथाइल ओलिएट असते. द्राक्षाच्या सालीवर मेणाच्या बारीक पापुद्र्यांचा थर असतो, घराच्या कौलांसारखा एकावर एक चढलेला. मण्यातले पाणी त्यातून सहज बाहेर पडत नाही. इथाइल ओलिएट त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि पाण्याला वाट मिळते, म्हणून बुडवलेला माल शेडमधल्या जाळ्यांवर साधारण १२ ते १५ दिवसांत वाळतो. मात्र त्यासाठी तेल प्रत्येक मण्याला सारखे पोहोचले पाहिजे, आणि ते पोहोचवणारे वाहन म्हणजे पायस.

आता कार्बोनेटची कामे पाहा. पहिले म्हणजे ते बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम पांढऱ्या गाळाच्या रूपात खाली बसवते, म्हणजे प्रश्न ८ मधला शत्रू तेल येण्याआधीच निघून जातो. दुसरे काम मला फार आवडते: तेलात थोडे सुटे ओलिक आम्ल असते, त्याच्याशी कार्बोनेटचा संयोग होऊन पोटॅशियम ओलिएट हा साबण ड्रममध्येच तयार होतो आणि पायस सांभाळतो. तेल आधी जड पाण्यात ओतले तर होणारा साबण कॅल्शियमशीच बांधला जातो आणि पायसाला राखणदार उरत नाही.

दोन हंगामांपूर्वी तासगाव तालुक्यातल्या एका शेडवर मला बोलावले होते. ड्रमच्या कडेला पिवळसर तेलकट कडे धरले होते, मधे पाणी जवळजवळ नितळ होते, आणि त्या दिवशी बुडवलेल्या क्रेटमधले वरचे मणी बोटाला तुपासारखे लागत होते तर खालचे कोरडेच होते. घाईत तेल आधी पडले होते आणि कार्बोनेटची पिशवी नंतर ओतून लाकडाने दोन वेढे दिले होते. आम्ही त्या ड्रममध्ये काही दुरुस्ती केली नाही. दुसऱ्या ड्रममध्ये कार्बोनेट विरघळवले, गाळ बसू दिला, वरचे नितळ द्रावण बादलीभर वेगळे काढून त्यात सगळे तेल बारीक धारेने, सतत ढवळत मिसळले आणि ते दाट दूध ड्रममध्ये ओतले. संध्याकाळपर्यंत त्याला कडे धरले नाही.

क्रेटमागून क्रेट बुडवताना फुटलेल्या मण्यांच्या रसातले आम्ल कार्बोनेट खाते आणि तेल मण्यांबरोबर निघून जाते. द्रावणाचा सामू ११ च्या आसपास राहतो का, हे पट्टीने पाहत राहावे आणि बुडवण्याआधी दर वेळी ढवळावे. हे द्रावण दाहक आहे. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यात हात घालू नये.

१०. निंबोळी तेल फवारायचे आहे. कपडे धुण्याची पावडर चालेल का?

तेल मिसळेल, पण औषध वाया जाण्याची भीती आहे. निंबोळी तेलातले कामाचे द्रव्य अ‍ॅझाडिरॅक्टिन किंचित आम्लधर्मी पाण्यात टिकते आणि अल्कधर्मी पाण्यात लवकर मोडते. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, म्हणजे पाणी चांगलेच अल्कधर्मी होते. त्यापेक्षा कृषी सेवा केंद्रात मिळणारा भाररहित पायसीकारक घ्यावा. तो थेट तेलात मिसळावा, पाण्यात नव्हे. मग त्या तेलात थोडे थोडे पाणी घालत ढवळावे. मिश्रण आधी घट्ट होत जाते आणि एका क्षणी अचानक पातळ, दुधासारखे होते. तो क्षण आला की समजावे, आता तेलाचे थेंब पाण्यात आले. त्याआधी पाण्याचे थेंब तेलात होते. मग उरलेले पाणी ओतावे आणि त्याच दिवशी फवारणी संपवावी.

११. स्टिकर आणि स्प्रेडर हेसुद्धा तेल-पाणी मिसळण्यासाठीच असतात का?

नाही. औषध मिसळण्याची सोय कंपनीने ईसी प्रकारच्या औषधात आधीच केलेली असते: औषध तेलकट द्रावकात विरघळवलेले आणि सोबत पायसीकारक. स्प्रेडर हा थेंब पानावर पसरवतो. मेणचट पानावर नुसत्या पाण्याचा थेंब मोत्यासारखा बसतो. ताण उतरला की तो चपटा होऊन पसरतो. सिलिकॉनयुक्त स्प्रेडर पाण्याचा ताण ७२ वरून २०-२२ पर्यंत आणतात, म्हणून त्यांची मात्रा फार थोडी असते. स्टिकर वाळलेले औषध पानाला धरून ठेवतो.

मणी भरल्यावर मात्र हात आखडता घ्यावा. मण्यावरचा पांढुरका मेणाचा थर हेच खायच्या द्राक्षाचे रूप असते आणि सर्फॅक्टंट तो विस्कटतो. थेंब ओघळून जिथे वाळतो तिथे डाग पडतो. बेदाण्यासाठी जे हवे तेच खाण्याच्या द्राक्षात नको असते.

१२. टाकीत दोन औषधे एकत्र केली की कधी कधी फाटतात, दह्यासारखे गोळे होतात. आधी कळायचा काही उपाय?

उपाय आहे आणि त्याला पाच रुपयेही लागत नाहीत. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत, जे पाणी टाकीत वापरणार तेच पाणी घेऊन, सगळी औषधे टाकीच्या प्रमाणात आणि टाकीच्याच क्रमाने घालावीत. हलवून अर्धा तास ठेवावे. तेलाचे कडे, तळाला गोळे किंवा बाटली गरम लागणे यांपैकी काहीही दिसले तर ते मिश्रण टाकीत जाऊ देऊ नये.

क्रम असा: टाकी अर्धी भरून आधी पाण्यात मिसळणारी भुकटी आणि दाणेदार औषधे, मग प्रवाही निलंबने, मग ईसी, आणि स्टिकर-स्प्रेडर सर्वांत शेवटी. भुकटी आधी भिजली पाहिजे. तेल आधी गेले तर तिचे कण तेलाने माखून गोळा होतात. बोर्डो मिश्रणात चुना असतो, म्हणून त्यात ईसी औषधे मिसळू नयेत. कॅल्शियम नायट्रेटसारख्या खतांचेही तेच. मीठ कोणतेही असो, ते थेंबांवरच्या भाराची ढकल कमी करते आणि थेंब एकमेकांना भिडू लागतात.

१३. दही घुसळले की लोणी वेगळे का होते? ढवळल्याने मिसळायला हवे ना?

हा प्रश्न मला एका सातवीतल्या मुलीने विचारला आणि तो उत्तम आहे. सायीतले स्निग्धकण प्रथिने आणि लेसिथिनसारख्या द्रव्यांच्या कवचात असतात. रवी ते कवच फाडते, हवेचे बुडबुडे आत नेते आणि अर्धवट घट्ट झालेले कण एकमेकांना चिकटत जातात. फार थंड असेल तर चिकटत नाहीत, फार गरम असेल तर तेल होऊन पसरतात. म्हणून आजी उन्हाळ्यात गार पाणी आणि थंडीत कोमट पाणी घालत असे. शेवटी भूमिका उलटतात: सायीत पाण्यामध्ये स्निग्धांशाचे थेंब होते, लोण्यात स्निग्धांशामध्ये पाण्याचे थेंब असतात, साधारण १६ टक्के.

कोण आत आणि कोण बाहेर राहणार, हे पायसीकारकाचा ओढा सांगतो. तो ज्या द्रवात अधिक विरघळतो तो द्रव बाहेर राहतो; याला बँक्रॉफ्टचा नियम म्हणतात. विल्यम ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये या ओढ्याला अंक दिले. ३ ते ६ अंकांचे पायसीकारक तेलात पाणी धरतात, ८ ते १८ अंकांचे पाण्यात तेल. कोल्ड क्रीम आणि व्हॅनिशिंग क्रीम यांतला फरक यावरून कळेल.

१४. रश्श्यावर कट सुटतो, पण वाटण जास्त झाले की सुटत नाही. यात साबण कुठे आहे?

साबण नाही, पण सर्फॅक्टंटचे काम करणारे आहेत. शेंगदाण्याच्या कुटातली प्रथिने आणि लेसिथिन तेलाभोवती थर देतात. शिवाय वाटणाचे बारीक कण स्वतः थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतात आणि दोन थेंबांमध्ये भिंत करतात. केवळ घन कणांनी टिकलेल्या अशा पायसांचा अभ्यास रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये आणि पिकरिंग यांनी १९०७ मध्ये मांडला. झणझणीत कट हवा असेल तर तिखट तेलात आधी परतावे, वाटण बेताचे ठेवावे आणि शेवटी रस्सा ढवळू नये.

१५. बचत गटात भांड्यांचे लिक्विड करतो. मीठ घातल्यावर घट्ट झाले, आणखी घातले तर पाण्यासारखे झाले. असे का?

तुमच्या लिक्विडमधले एसएलईएस ऋणभारित आहे, त्यामुळे डोकी एकमेकांना ढकलतात आणि मिसेल गोल राहतात. मिठाने ही ढकल कमी होते, डोकी जवळ येतात आणि गोल मिसेल लांबून दोऱ्यासारखे होतात. दोरे एकमेकांत गुंतले की लिक्विड घट्ट होते. मीठ आणखी वाढले की दोऱ्यांना फाटे फुटतात, गुंता सैल होतो, पातळपणा येतो आणि शेवटी लिक्विड गढूळ होऊन वेगळे पडते. म्हणून मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून चमच्या-चमच्याने घालावे, प्रत्येक चमच्यानंतर थांबावे आणि हवी तेवढी घट्टी आली की हात आवरावा. बिघडलेला माल टाकून देऊ नये. त्यात बिनमिठाचे एसएलईएस-पाणी मिसळून मिठाचे प्रमाण खाली आणावे. अ‍ॅसिड स्लरी कॉस्टिकने उदासीन करताना मिश्रण खूप तापते, ते काम मुलांपासून दूर आणि हातमोजे घालूनच करावे.

१६. हळदीच्या डागाला साबण लावला तर तो लाल का झाला? साबणाने डाग का गेला नाही?

हळदीच्या पेठेतल्या माणसांनी हा प्रश्न विचारावा हे साहजिक आहे. कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते, आणि भाजीतल्या तेलाबरोबर सुती धाग्यात शिरते. साबण तेल काढून नेतो, पण कुर्कुमिन धाग्याला धरून राहते. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कात कुर्कुमिन लालसर तपकिरी होते. लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. आधी साबणाने तेल काढावे, मग कापड ओले असतानाच कडक उन्हात घालावे. प्रकाशाने कुर्कुमिन मोडते.

१७. फेस जास्त म्हणजे साबण चांगला का?

नाही. फेस म्हणजे पाणी आणि हवेची सीमा, सफाई म्हणजे पाणी आणि तेलाची. वॉशिंग मशीनच्या पावडरीत फेस मुद्दाम कमी ठेवतात. उलट, तेल खूप असेल तर ते फेस मारते; भांडी घासताना फेस बसला की पाणी बदलायची वेळ झाली, एवढी खूण मात्र तो देतो.

१८. कधीच न फाटणारे पायस असते का?

साधे पायस आज ना उद्या फाटते. सर्फॅक्टंट ती वेळ लांबवतो, तासांवरून महिन्यांवर किंवा वर्षांवर नेतो. अपवाद आहे तो सूक्ष्मपायसाचा. पुरेसे सर्फॅक्टंट आणि बहुधा सोबत एखादे अल्कोहोल असले, तर आंतरपृष्ठीय ताण, म्हणजे तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण, जवळजवळ शून्यावर येतो, मिश्रण न ढवळताही आपोआप जुळते आणि पारदर्शक राहते. हे नाव शुलमन यांनी १९५९ मध्ये रूढ केले. पण त्यालाही तापमानाची मर्यादा असते. भाररहित सर्फॅक्टंट ठरावीक तापमानापुढे पाणी सोडतो आणि मिश्रण गढूळ होते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले औषध दोन थरांत दिसले तर त्याचे हे एक कारण असू शकते. सावलीत गार होऊ देऊन हलवावे. एकजीव झाले तर प्रश्न १२ मधली बाटली करून पाहावी, नाही झाले तर वापरू नये.

१९. उरलेले द्रावण आणि पंप धुतलेले पाणी कुठे टाकायचे?

विहिरीच्या काठावर, ओढ्यात किंवा नदीत अजिबात नाही. सर्फॅक्टंट माशांच्या कल्ल्यांवरचा नाजूक थर बिघडवतो, आणि त्याच्याबरोबर औषधही पाण्यात सहज पसरते. पूर्वीच्या फांद्याफांद्यांच्या शेपटीचे सर्फॅक्टंट जिवाणूंना पचत नसत, त्यामुळे पाश्चात्त्य देशांतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचले आणि १९६० च्या दशकात सरळ शेपटीचे सर्फॅक्टंट आले. ते मोडतात, पण मोडायला दिवस लागतात. पंप तीन वेळा थोड्या थोड्या पाण्याने धुऊन ते पाणी, त्या औषधासाठी जी बाग आहे तिच्याच मोकळ्या ओळीत फवारावे. डिपिंगच्या ड्रमातले द्रावण अल्कधर्मी असते आणि त्यात पोटॅश असते. ते एकाच झाडाच्या बुंध्याशी ओतू नये, भरपूर पाण्याने सौम्य करून पडीक जागेवर पसरावे, आणि ती जागा विहीर-बोअरपासून लांब असावी.